पेशीवरची साखर मोजायची कशी: नॉर्मल पेशी विरुद्ध व्हायरसने बदललेली पेशी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला दरवर्षी कोणीतरी हा विषय घेतंच. गाईड सांगतात की कॅन्सरच्या पेशीवर सायलिक ॲसिड (साखळीच्या टोकाला बसणारी एक आम्ल साखर) जास्त असतं, तू मोज आणि थिसिस लिही. मग पोरगं मोजतं, पहिल्या आठवड्यात जास्त येतं, दुसऱ्या आठवड्यात कमी येतं, तिसऱ्या आठवड्यात सारखंच येतं आणि चौथ्या आठवड्यात पोरगं रडकुंडीला येतं. मीही यातून गेलोय म्हणून हे लिहितोय. फरक खरोखर असतो, पन्नासेक वर्षं लोक तो दाखवतायत, पण तो 'साखर किती' यात कमी आणि 'साखरेची साखळी कशी बांधलीय' यात जास्त असतो. हे आधी डोक्यात घेतलं की पुढची अर्धी चिडचिड वाचते.

थोडक्यात पार्श्वभूमी, कंटाळा येत असेल तर खाली जा. पेशीच्या बाहेरच्या अंगाला प्रोटीनवर आणि लिपिडवर साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात. प्रोटीनवरच्या ज्या साखळ्या ॲस्परॅजिनला चिकटतात त्यांचा बुंधा ठरलेला असतो, दोन एन-ॲसिटाइल ग्लुकोसामाइन आणि तीन मॅनोज. त्या बुंध्यावरून फांद्या निघतात, उसाला फुटवे फुटतात तसे. फांदीत ग्लुकोसामाइन, मग गॅलॅक्टोज, आणि टोकाला टोपीसारखं सायलिक ॲसिड. बुंध्याशी बऱ्याचदा एक फ्युकोज चिकटलेलं. नॉर्मल बीएचके पेशीत (हॅमस्टरच्या पिल्लाच्या किडनीतली लाइन) दोन फुटव्यांच्या साखळ्यांचं प्रमाण जास्त, आणि पॉलिओमा किंवा राउस सार्कोमा व्हायरसने तीच पेशी बदलली, म्हणजे कॅन्सरसारखी केली, की तीन-चार फुटव्यांच्या साखळ्या वाढतात, शिवाय काही फुटवे लांब होत जातात, गॅलॅक्टोज-ग्लुकोसामाइन, गॅलॅक्टोज-ग्लुकोसामाइन असं पुन्हा पुन्हा. जादाचा फुटवा मुख्यतः एका एन्झाइममुळे येतो, जीएनटी-५ म्हणतात त्याला, ते मॅनोजवर बीटा एक-सहा जोडणीने ग्लुकोसामाइन बसवतं. राउस व्हायरसचा सार्क जीन या एन्झाइमचा जीन जास्त चालू करतो हे १९९० च्या दशकात कळलं, पण 'बदललेल्या पेशीतले ग्लायकोपेप्टाइड (साखळीसकट प्रोटीनचे तुकडे) मोठे असतात' हे निरीक्षण त्याच्या बरंच आधीचं, १९७० चं, पेनसिल्व्हेनियात बक, ग्लिक आणि वॉरन यांचं. मधली काही वर्षं तो मोठेपणा सायलिक ॲसिडमुळेच आहे असं वाटत होतं कारण न्यूरामिनिडेजने सायलिक ॲसिड काढलं की फरक जवळजवळ नाहीसा व्हायचा. मग १९७६ मध्ये जपानात कोबाता यांच्या गटाने फांद्यांचीच संख्या वाढलीय हे दाखवलं. दोघंही बरोबर होते, फांद्या जास्त म्हणजे टोकं जास्त, आणि टोकं जास्त म्हणजे टोप्या जास्त.

लिपिडची गोष्ट नेमकी उलटी. तिथे साखळ्या तोकड्या होतात. १९६८ मध्ये हाकोमोरी आणि मुराकामी यांनी पॉलिओमाने बदललेल्या बीएचके पेशीत जीएम३ नावाचं गँग्लिओसाइड (सायलिक ॲसिड असलेलं साखरवालं लिपिड) घटलेलं आणि त्याच्या आधीची पायरी, लॅक्टोसिलसेरामाइड, वाढलेली दाखवली. पुढच्याच वर्षी मोरा, ब्रॅडी आणि मंडळींनी एसव्ही४० (माकडातला एक व्हायरस) आणि पॉलिओमाने बदललेल्या उंदराच्या पेशींत मोठी गँग्लिओसाइड्स गायब होतात हे दाखवलं. तिथे जीएम३ च्या पुढे गॅलॅक्टोसामाइन लावणारं एन्झाइमच मंदावतं.

आता कळलं ना घोळ कुठे आहे? पेशी सरसकट उकळून एकूण सायलिक ॲसिड मोजलं तर प्रोटीनवरचं वाढलेलं आणि लिपिडवरचं घटलेलं एकाच भांड्यात पडतं, एकाने दुसऱ्याला खाल्लं की आकडा काहीही येतो. १९६९ मध्ये एमआयटीमधल्या रॉबिन्स यांच्या गटाने एसव्ही४० वाल्या ३टी३ (उंदराच्या भ्रूणातल्या) पेशीत एकूण सायलिक ॲसिड नॉर्मलपेक्षा कमी मोजलंय. तेव्हा तुमचा आकडा कमी आला म्हणून गाईडसमोर घाबरायचं कारण नाही.

पेशी कोणत्या घ्यायच्या

जोडी पाहिजे, म्हणजे एकच मूळ लाइन आणि तिचीच व्हायरसने बदललेली बहीण. हीला पेशी विरुद्ध फायब्रोब्लास्ट असली तुलना करू नका, त्यात व्हायरसशिवाय दुसऱ्या छप्पन्न गोष्टी वेगळ्या असतात. चांगल्या जोड्या दोन: बीएचके-२१ आणि पॉलिओमाने किंवा राउसने बदललेली बीएचके, नाहीतर बाल्ब ३टी३ आणि तिची एसव्ही४० वाली एसव्ही-टी२. मूळ लाइन पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवता येते, बदललेली मिळवायला थोडी पत्रापत्री लागेल. स्वतः व्हायरस वाढवून पेशी बदलायच्या फंदात प्रोजेक्टसाठी पडू नका, आणि तयार लाइन वापरली तरी संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी आधी घ्या, नंतर घेतली तर काय होतं ते विचारू नका.

बीएचकेबद्दल एक खास सूचना, कारण आपल्याकडे ही चूक होण्यासारखी आहे. लाळ-खुरकूतीची लस बीएचके-२१ वर बनते, त्यामुळे एखाद्या ओळखीच्याकडून 'बीएचके आहे आमच्याकडे, घेऊन जा' अशी ऑफर येऊ शकते. ती पेशी बहुतेक सस्पेन्शनमध्ये तरंगत वाढायला शिकवलेली असते, जमिनीला चिकटायची गरज सोडून दिलेली. तिला नॉर्मल म्हणून वापरलंत तर तुमचा कंट्रोलच अर्धा बदललेला आहे. चिकटून वाढणारी, कमी पॅसेजची (म्हणजे कमी वेळा नव्या डिशमध्ये पेरलेली) बीएचके-२१ क्लोन १३ घ्या, आणि सुरुवातीलाच दहा-पंधरा व्हायल गोठवून ठेवा. पॅसेज वाढत गेला की ही लाइन आपली आपण बिघडत जाते.

जमलं तर बदललेल्या पेशीचे दोन-तीन वेगवेगळे क्लोन (एकेका पेशीपासून वाढवलेल्या वंशावळी) घ्या. एकाच लाइनच्या क्लोनांमध्येही ग्लायकोलिपिडची पातळी बरीच हलते, एका क्लोनवरून निष्कर्ष काढला तर तो त्या क्लोनचा निष्कर्ष असतो, व्हायरसचा नव्हे.

आणि मायकोप्लाझ्मा! पहिल्याच दिवशी तपासा, पीसीआरने किंवा होक्स्ट डाय लावून, केंद्रकाच्या बाहेर बारीक ठिपके दिसले तर ती डिश फेकायची. मायकोप्लाझ्मा पेशीच्या अंगावरच बसतो, आपण मोजणार अंगावरच्याच गोष्टी, म्हणजे कोणाची साखर मोजतोय हेच कळणार नाही.

वाढीची अवस्था जुळवा, इथेच सगळं फसतं

हा भाग लोक एका ओळीत उरकतात आणि माझ्या मते हाच सगळा प्रयोग आहे. नॉर्मल ३टी३ डिश भरली की थांबते, साधारण चौरस सेंटिमीटरला पन्नास हजार पेशी झाल्या की बास. एसव्ही४० वाली एकमेकींच्या अंगावर चढून वाढतच राहते. आता तुम्ही सोमवारी दोन्ही सारख्या पेरल्या आणि शुक्रवारी दोन्ही काढल्या, तर एका बाजूला झोपलेल्या पेशी आणि दुसऱ्या बाजूला धावणाऱ्या. जो फरक दिसेल तो झोप आणि धावण्यातला असेल. आणि साखर त्याने बदलते, नक्की बदलते. फ्युकोजवाल्या मोठ्या ग्लायकोपेप्टाइडचा फरक वाढणाऱ्या पेशींत ठळक दिसतो आणि वाढ थांबली की फिका पडतो, हे वॉरन यांच्या गटाने १९७१ मध्येच दाखवलंय. ग्लायकोलिपिडचंही तसंच, काही नॉर्मल लाइन्समध्ये डिश भरत आली, पेशी एकमेकींना टेकायला लागल्या की ठरावीक ग्लायकोलिपिड वाढतं, बदललेल्या पेशीत ही वाढ होतच नाही. म्हणजे पातळ डिश घेतली तर लिपिडमधला फरक पुसट आणि दाट घेतली तर प्रोटीनमधला फरक पुसट.

म्हणून करायचं असं. आधी आठवडाभर फक्त मोजणी करा, साखर विसरा. दोन्ही लाइन पेरून रोज एक-एक डिश काढून पेशी मोजायच्या आणि वाढीचा आलेख काढायचा. मग प्रत्येक लाइनसाठी दोन वेळा ठरवायच्या, एक जोमाने वाढत असताना साधारण अर्धी डिश भरलेली, दुसरी पूर्ण भरल्यावर एक दिवस. त्या दोन वेळा दोन लाइनसाठी वेगवेगळ्या वारी येतील, येऊ देत. मीडिया बदलणं आदल्या दिवशी दोन्हीकडे सारखं, सीरमचा लॉट एकच, आख्ख्या प्रोजेक्टला पुरेल एवढा एकदम घेऊन ठेवलेला. सीरममध्ये स्वतःची ग्लायकोप्रोटीन खच्चून भरलेली असतात, ती पेशीला चिकटतात, म्हणून काढायच्या आधी थंड पीबीएसने (फॉस्फेटचं खारं बफर) तीनदा धुवायचं, दोनदा नाही.

लेक्टिनने पाहणं, सगळ्यात सोपा रस्ता

लेक्टिन म्हणजे साखर ओळखून धरणारी प्रोटीन, बरीचशी बियांमधली. कॉन-ए जॅक बीनमधून येतं, आपल्या अबईच्या शेंगेची जवळची नातेवाईक. एल-पीएचए येतं राजम्यातून, म्हणजे साताऱ्याकडचा घेवडाच की. कच्चा राजमा खाऊन पोट बिघडतं ते या पीएचएमुळेच. डब्ल्यूजीए गव्हाच्या कोंबातलं, आणि त्याची गोष्ट गमतीशीर आहे: १९६३ मध्ये बोस्टनमध्ये ऑब आणि सहकारी गव्हाच्या कोंबातलं लायपेज पेशींवर टाकून बघत होते, ट्युमर पेशींचे गठ्ठे झाले, नंतर कळलं की गठ्ठे लायपेज करत नाही, त्याच्यासोबत आलेली भेसळ करतेय. ती भेसळ म्हणजेच डब्ल्यूजीए. १९६७ मध्ये बर्गर आणि गोल्डबर्ग यांनी ती वेगळी केली.

कोण काय धरतं हे पाठच करा. कॉन-ए मॅनोज धरतं, जास्त मॅनोजच्या साखळ्या घट्ट, दोन फुटव्यांच्या सैल, आणि तीन-चार फुटव्यांच्या जवळजवळ नाहीच. डब्ल्यूजीए ग्लुकोसामाइन आणि सायलिक ॲसिड. एल-पीएचए तो बीटा एक-सहा वाला जादा फुटवा, आपल्या कामाचा हाच. सायलिक ॲसिड कोणत्या जोडणीने बसलंय त्यासाठी एसएनए (दोन-सहा जोडणी धरतं) आणि एमएएल-२ (दोन-तीन जोडणी धरतं), पण थांबा, बीएचकेमध्ये दोन-सहा जोडणी करणारं एन्झाइमच नसतं, त्यामुळे एसएनए तिथे लागणार नाही. आमच्या शेजारच्या बेंचवर एकीने यावर तीन किट बदलून बघितले, किट बिचारे ठीक होते.

फ्लो सायटोमीटर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) मिळत असेल तर एफआयटीसी हा हिरवा चमकणारा रंग लावलेली लेक्टिन घ्या. पेशी सोडवायच्या त्या पीबीएसमध्ये दोन मिलिमोलर ईडीटीए घालून, ३७ अंशांवर पाच-दहा मिनिटं, हलक्या हाताने टिचकी मारून. ट्रिप्सिन (प्रोटीन कापणारं एन्झाइम) वापरायचं नाही. हे ठळक करून लिहितोय कारण माझा पूर्ण एक महिना यात गेलाय. रोजच्या सवयीने ट्रिप्सिनने पेशी काढल्या, कॉन-ए टाकलं, नॉर्मल पेशींचे पण बदललेल्यांसारखेच छान गठ्ठे झाले, मी लेक्टिनला दोष दिला, नवीन मागवलं, परत तेच. शेवटी एका सिनिअरने विचारलं, काढतोस कशाने? ट्रिप्सिनने थोडं चाटून घेतलेली नॉर्मल पेशी बदललेल्या पेशीसारखी गठ्ठे करते, हे बर्गर यांनी १९६९ मध्येच छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

आणि ईडीटीएने काढल्यावर तो पूर्ण धुवून टाका, कारण कॉन-एला कॅल्शियम आणि मँगनीज लागतं, ईडीटीए उरला तर ते दोन्ही ओढून घेतो आणि लेक्टिन आंधळं होतं. धुण्यासाठी आणि रंगवण्यासाठी पीबीएस नको, ट्रिस किंवा हेपीसचं बफर घ्या ज्यात एक-एक मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि मँगनीज क्लोराइड आहे, फॉस्फेटमध्ये कॅल्शियम टाकलं की पांढरा गाळ बसतो.

एका ट्यूबमध्ये दोन-तीन लाख पेशी, शंभर मायक्रोलिटरमध्ये, लेक्टिन मिलिलिटरला दहा मायक्रोग्रॅमच्या आसपास, बर्फावर अर्धा तास, अंधारात. बर्फ का, तर गरम ठेवलं की पेशी लेक्टिनसकट साखर आत ओढते. दहा हा आकडा माझा, तुम्ही एक ते चाळीसपर्यंत चढत्या प्रमाणात लावून स्वतःचा काढा, सगळ्या जागा भरलेल्या पातळीवर तुलना केली तर लहान फरक सपाट होतो. ब्लॉक करायला सीरम किंवा दुधाची पावडर नको, दोन्हींत ग्लायकोप्रोटीन असतात, लेक्टिन तिथेच अडकतं. साध्या बीएसएमध्येही थोडी भेसळ असते, पेरिऑडेटने ट्रीट केलेलं बीएसए घेतलं तर उत्तम. मेलेल्या पेशी प्रोपिडियम आयोडाइडने वेगळ्या काढाच, कारण मेलेल्या पेशीच्या आत मॅनोजचं कोठार असतं, पटल फाटलं की कॉन-ए आत घुसून दिवाळी करतं.

कंट्रोल: कॉन-एसोबत दोनशे मिलिमोलर मिथाइल अल्फा मॅनोसाइड टाकलेली ट्यूब, डब्ल्यूजीएसोबत एन-ॲसिटाइल ग्लुकोसामाइन टाकलेली. चमक कमी झाली पाहिजे, नाही झाली तर जे दिसतंय ते साखरेमुळे नाही. एल-पीएचएला असा सोपा साखरेचा उतारा चालत नाही, त्यासाठी स्वेन्सोनिन वापरा, मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅम, दोन दिवस, ते फांद्या तयार होण्याच्या वाटेतच अडथळा टाकतं, मग एल-पीएचए लागणं बंद व्हायला हवं. शेवटी न्यूरामिनिडेज दिलेली ट्यूब, साडेपाच पीएच, थोडं कॅल्शियम, तासभर ३७ ला. डब्ल्यूजीए किती कमी झालं यावरून त्यातला सायलिक ॲसिडचा वाटा कळतो.

फ्लो नसेल तर जुनी गठ्ठे पद्धत, चोवीस खणांच्या प्लेटमध्ये लेक्टिन चढत्या प्रमाणात, पंधरा-वीस मिनिटं हळू फिरवायचं, मायक्रोस्कोपखाली शून्य ते चार गुण द्यायचे. गुण देणाऱ्याला कोणता खण कोणाचा हे माहीत नको, नाहीतर मन पाहिजे ते दाखवतं. पण या पद्धतीने काय सिद्ध होतं ते नीट समजून घ्या. १९६९ मध्ये इनबार आणि साक्स यांनी कॉन-एने बदललेल्या पेशी गोळा होतात हे दाखवलं तेव्हा सगळ्यांना वाटलं की बदललेल्या पेशीवर कॉन-एच्या जागा जास्त आहेत. १९७१ मध्ये किरणोत्सारी कॉन-एने मोजलं तर दोन्हीकडे जवळपास सारखंच चिकटत होतं! फरक होता तो जागा सरकण्यात, बदललेल्या पेशीच्या पटलावर त्या सहज एकत्र येऊन पुंजके करतात. म्हणून थिसिसमध्ये 'गठ्ठे जास्त म्हणून मॅनोज जास्त' असं वाक्य दिसलं की परीक्षक तिथेच पेन टेकवतो.

लिपिडची बाजू, टीएलसीवर

इथे पेशी भरपूर लागतात, मी प्रत्येक नमुन्याला निदान पाच कोटी घेतो, म्हणजे बीएचकेच्या दीडशे मिलिमीटरच्या दोन-तीन भरलेल्या डिश, नॉर्मल ३टी३ च्या सहा-सात. खरवडून काढलं तरी चालतं. पेशींच्या गोळ्याच्या वीसपट क्लोरोफॉर्म-मिथेनॉल दोनास एक, ढवळा, गाळा, उरलेल्यावर परत एकदा. सगळं फ्युम हुडमध्ये. मग बरेच प्रोटोकॉल सांगतात की पाणी टाकून दोन थर करा आणि वरच्या थरात गँग्लिओसाइड शोधा. मोठ्या गँग्लिओसाइडसाठी ठीक आहे, पण आपलं जीएम३ लहान आहे, त्याचा काही भाग खालच्या थरातच बसून राहतो आणि बीएचकेमध्ये तर मुख्य गोष्ट जीएम३ चीच. म्हणून थर न करता डीईएई-सेफाडेक्सच्या छोट्या कॉलमवरून आम्ल आणि उदासीन लिपिड वेगळी करा. फॉस्फोलिपिड घालवायला मिथेनॉलमधलं सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड, मग मीठ काढायला सी-१८ कार्ट्रिज.

टीएलसीची (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीची) प्लेट चालवायला क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाव टक्का कॅल्शियम क्लोराइडचं पाणी, साठ-चाळीस-नऊ या प्रमाणात, टाकीत फिल्टर पेपर लावून आधी वाफ भरू द्या. वाळली की रिसॉर्सिनॉल-हायड्रोक्लोरिक ॲसिडचा फवारा, वर काच झाकून साधारण शंभर अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. सायलिक ॲसिड असलेले पट्टे निळे-जांभळे येतात. लॅक्टोसिलसेरामाइडवर सायलिक ॲसिड नसतं, ते या फवाऱ्याला दिसणार नाही, त्यासाठी उदासीन भागाची वेगळी प्लेट आणि ऑर्सिनॉल-सल्फ्युरिक ॲसिड. हे विसरून 'लॅक्टोसिलसेरामाइड सापडलं नाही' असं लिहिलेलं मी पाहिलंय.

कोणती पेशी आहे त्यावर कुठला पट्टा बघायचा ते ठरतं. बदललेल्या बीएचकेमध्ये जीएम३ घटलेलं आणि लॅक्टोसिलसेरामाइड वाढलेलं. बाल्ब ३टी३ विरुद्ध एसव्ही-टी२ मध्ये मात्र जीएम३ कडे बघत बसू नका, त्याच्या पुढचे जीएम२, जीएम१, जीडी१ए हे पट्टे पुसट झालेत का ते बघा.

सायलिक ॲसिड मोजायचंच असेल तर

वॉरन यांची १९५९ ची थायोबार्बिट्युरिक ॲसिड पद्धत अजून चालते, पण नमुना वेगळा करून: लिपिड काढून झाल्यावर उरलेला प्रोटीनचा गाळ एका बाजूला, लिपिड दुसऱ्या बाजूला. ही पद्धत फक्त सुटं सायलिक ॲसिड ओळखते, म्हणून आधी ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ८० अंशांवर एक तास. मग ०.२ मिली नमुन्यात ०.१ मिली पेरिऑडेट, वीस मिनिटं, मग एक मिली आर्सेनाइट, तपकिरी रंग जाईपर्यंत हलवा, मग तीन मिली थायोबार्बिट्युरिक, उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं, गार करून सायक्लोहेक्झेनोनमध्ये गुलाबी रंग ओढून घ्या आणि ५४९ नॅनोमीटरला वाचा. ५३२ ला पण वाचा. डीएनएतली डीऑक्सिरायबोज पण या पद्धतीत रंग देते, तिचं शिखर ५३२ ला असतं, आणि दोन आकड्यांच्या समीकरणाने ती वजा करावी लागते. आर्सेनाइट विषारी आहे, हातमोजे घाला आणि ते सिंकमध्ये ओतू नका.

आकडा कशाने भागायचा, पेशींच्या संख्येने की प्रोटीनच्या मिलिग्रॅमने? दोन्ही द्या. बदललेली पेशी गोल आणि बऱ्याचदा लहान असते, एका भागाकाराने वाढ दिसते आणि दुसऱ्याने घट असं होऊ शकतं, आणि ते लपवण्यापेक्षा टेबलात मांडलेलं बरं.

फ्युकोजचा जुना प्रयोग, अजूनही मला सगळ्यात आवडणारा

किरणोत्सारी पदार्थांचा परवाना असलेली लॅब असेल तरच. नॉर्मल पेशींना ट्रिशियमवालं फ्युकोज, बदललेल्यांना कार्बन-१४ वालं, दोन-तीन दिवस. फ्युकोजच का, तर ते पेशीत जाऊन दुसरी साखर बनत नाही, फ्युकोजच राहतं. ग्लुकोसामाइन दिलं तर त्याचं सायलिक ॲसिड, गॅलॅक्टोसामाइन असं काय काय होऊन बसतं. मग पेशी धुवायच्या, पृष्ठभागावरचं ट्रिप्सिनने थोडा वेळ कापून घ्यायचं (इथे ट्रिप्सिन मुद्दाम, आपल्याला ती कापलेलीच पाहिजेत), सोयाबीनच्या इन्हिबिटरने थांबवायचं, पेशी खाली बसवायच्या. आता दोन्हींचा वरचा द्रव एकत्र मिसळायचा आणि मगच प्रोनेजने (प्रोटीन अगदी बारीक कापणारं एन्झाइम) पचवायचा. या प्रयोगाची सगळी अक्कल या मिसळण्यात आहे. पचन कमी झालं, कॉलम वाकडा भरला, फ्रॅक्शन चुकला, जे काही बिघडेल ते दोघांचंही सारखंच बिघडेल.

मीटरभर लांब, बारीक सेफाडेक्स जी-५० कॉलम, पुढची खूण म्हणून ब्लू डेक्स्ट्रान, मागची म्हणून फिनॉल रेड. मोठे तुकडे आधी बाहेर पडतात. प्रत्येक फ्रॅक्शन सिंटिलेशन काउंटरवर, कार्बन-१४ चे काउंट ट्रिशियमच्या चॅनेलमध्ये सांडतात ते वजा करायचे आणि एकूणच्या टक्क्यांत आलेख काढायचा. बदललेल्या पेशींची रेघ पुढच्या बाजूला, म्हणजे मोठ्या तुकड्यांकडे, फुगलेली दिसते. नमुन्याचा अर्धा भाग न्यूरामिनिडेज देऊन परत चालवा, फुगवटा किती बसतो बघा.

दोन कंट्रोल सोडायचे नाहीत. लेबल उलटे करून परत, म्हणजे नॉर्मलला कार्बन आणि बदललेल्यांना ट्रिशियम. आणि नॉर्मल विरुद्ध नॉर्मल, दोन लेबल, दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या पाहिजेत. त्या पडल्या नाहीत तर बाकीचा आलेख कोणाला दाखवू नका.

परवाना नसेल तर पीएनगेज-एफने साखळ्या सोडवा, २-एबी नावाचा चमकणारा टॅग लावा, एचपीएलसीवर चालवा. किंवा त्याहून स्वस्तात, प्रोनेजने पचवलेले ग्लायकोपेप्टाइड कॉन-ए सेफारोजच्या छोट्या कॉलमवर: जे न थांबता निघून जातं त्यात तीन-चार फुटव्यांचे, दहा मिलिमोलर मिथाइल ग्लुकोसाइडने सुटतात ते दोन फुटव्यांचे, आणि शेवटी जास्त ताकदीच्या मॅनोसाइडनेच सुटणारे जास्त मॅनोजवाले. बदललेल्या पेशीत पहिला वाटा वाढलेला दिसायला हवा. तो पहिला वाटा एल-पीएचएच्या कॉलमवर परत घातला की बीटा एक-सहा फुटवा किती आहे तेही कळतं.

एक पेशी, दोन तापमानं

कोणी म्हणेल की क्लोन वेगळे, वय वेगळं, व्हायरसचा काय पुरावा? त्यावर राउस व्हायरसचे तापमानाला नाजूक म्युटंट आहेत. त्यांनी बदललेली कोंबडीच्या भ्रूणाची पेशी ३६ अंशांवर बदललेली असते आणि ४१ वर नॉर्मलसारखी वागते. १९७२ मध्ये वॉरन, क्रिचली आणि मॅकफर्सन यांनी अशाच पेशी वापरून तापमानाप्रमाणे ग्लायकोपेप्टाइडचा नकाशा बदलतो हे दाखवलं. हे करायला मिळालं तर सोबत व्हायरस नसलेल्या पेशी पण ३६ आणि ४१ दोन्हीवर ठेवा, कारण पाच अंशांनी एन्झाइम तसेही हलतात, आणि इन्क्युबेटरचं तापमान दारावरच्या डिस्प्लेवर वाचू नका, आत पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून ठेवा. आमच्या इन्क्युबेटरचा डिस्प्ले ४१ दाखवायचा तेव्हा आत साडेएकोणचाळीस असायचं.